पावसाळ्यापूर्वी वस्तीने आधी काय करावे : पंप, पत्र्यांचा रंग की घरांची नोंद?

मिठीकाठ (३ मे, रात्री ९.५०)

नमस्कार. मी कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वस्तीत २७ वर्षे राहते आहे. आमच्या पाच गल्ल्यांत मिळून साधारण ३४० खोल्या आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची जुनी कुटुंबे, साताऱ्याकडचे माथाडी, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली बौद्ध घरे, आझमगढ-जौनपूरकडचे मुस्लिम, तिरुनेलवेलीकडचे तमिळ आणि जरीच्या कारखान्यांत राबणारे बिहारी कारागीर अशी सगळी माणसे एकाच नाल्याच्या दोन्ही अंगांना राहतात.

रेशन दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटने ओढलेल्या तीन रेघा आहेत. सर्वांत वरची २६ जुलै २००५ ची असून ती माझ्या डोक्याच्याही वीतभर वर आहे. तिच्या बऱ्याच खाली २९ ऑगस्ट २०१७ ची आणि २ जुलै २०१९ ची रेघ आहे. दुकानदार दर मे महिन्यात त्या नव्याने रंगवतात आणि रंग वाळला की गल्लीतली मुले भिंतीला पाठ लावून आपली उंची कोणत्या रेघेपर्यंत आली ते पाहतात.

यंदा गणेशोत्सव मंडळाची शिल्लक आणि मशिदीच्या कमिटीने दिलेली रक्कम मिळून २,४०,००० रुपये जमले आहेत. ते कशावर खर्च करावेत, यावरून परवाच्या बैठकीत तीन तट पडले. तरुणांना दोन डिझेल पंप हवे आहेत. पोटमाळ्यावर राहणाऱ्या बायकांचे म्हणणे असे, की पूर वर्षातून एखादा दिवस येतो, परंतु पत्र्याखाली मार्च ते जून रोज जीव कासावीस होतो, म्हणून पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यावा. आमच्या बचत गटातील काही जणींना वाटते, की कोणत्या खोलीत कोण राहते याची नोंद आधी करावी, कारण तिच्याशिवाय बाकीची तयारी आंधळी ठरेल. ज्यांनी आपल्या वस्तीत असे काही केले आहे, त्यांनी अनुभव सांगावेत, ही विनंती.

भरती_ओहोटी (३ मे, रात्री ११.१५)

मी ३१ वर्षे पर्जन्यजलवाहिन्यांच्या कामात होतो, म्हणून पंपापुरते लिहितो. पंप घेण्यापूर्वी त्याने उपसलेले पाणी टाकणार कुठे, हे ठरवावे.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि तो हिशेबही ओहोटीच्या वेळेचा होता. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे या वाहिन्यांच्या सुधारणेसाठी केलेल्या अहवालाने, ही क्षमता तासाला ५० मिलिमीटर करण्याची शिफारस केली. २००५ नंतर त्या कामाला वेग आला आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध येथे मोठी उदंचन केंद्रे, म्हणजे पाणी उपसणारी केंद्रे, उभी राहिली. मात्र मिठीची गोष्ट वेगळी आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. भरती साडेचार मीटरच्या वर असेल, तर त्या वेळी खाडीच नदीला मागे रेटत असते. अशा वेळी गल्लीतले पाणी तुम्ही नाल्यात टाकले, तर ते फिरून तुमच्याच गल्लीत येईल.

दुसरा मुद्दा पावसाच्या आकड्यांचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर झाला होता. म्हणून 'मुंबईत पाऊस' या बातमीवर विसंबू नये. रेशन दुकानाच्या त्याच भिंतीवर जून ते सप्टेंबरचे भरतीचे वेळापत्रक लावावे आणि मोठी भरती व जोराचा पाऊस एकाच वेळी येणार असतील, तो दिवस तुमचा धोक्याचा दिवस समजावा. या वेळापत्रकाला खर्च जवळजवळ नाही.

धान्यबाजार (४ मे, सकाळी ७.३०)

वरील सद्गृहस्थांचा अनुभव मोठा आहे, तरीही मी पंपाच्या बाजूने बोलणार. नदी चढलेली असताना पंप निरुपयोगी असतो, हे खरे आहे. परंतु ओहोटीला नदी उतरते तेव्हा रस्ता मोकळा होतो आणि तळमजल्याच्या खोल्यांतले पाणी मात्र तसेच राहते, कारण त्या खोल्या रस्त्यापेक्षा खोल गेलेल्या असतात. २०१७ साली आम्ही भाड्याने पंप शोधत हिंडलो. तो दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. तोपर्यंत माझ्या गव्हाच्या पोत्यांची शिवण फुगून उसवली होती आणि शेजारच्या खोलीतल्या आजी पूर्ण रात्र लोखंडी कपाटावर बसून होत्या. दोन मोठे पंप नकोत, पण दोन माणसांना उचलता येईल असा एक लहान पंप वस्तीचा स्वतःचा असावा.

भरती_ओहोटी (४ मे, सकाळी ८.०५)

मान्य आहे. उतरत्या पाण्यासाठी लहान पंप हवा, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तो चालवायला आणि वर्षभर तेल-पाणी करून ठेवायला दोन जण आधीच नेमावेत, कारण वापराविना पडलेला पंप ऐन वेळी सुरू होत नाही.

अरण्येश्वर_पुणे (४ मे, सकाळी १०.४०)

आमचा अनुभव रात्रीच्या पाण्याचा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आंबिल ओढ्याला लोंढा आला आणि टांगेवाला कॉलनी व आसपासच्या भागात पाणी अक्षरशः काही मिनिटांत चढले. त्या पावसाने पुण्यात २० हून अधिक माणसे गेली. आमच्याकडे पुराचा विचार मुठा नदी आणि खडकवासल्याचा विसर्ग यांच्याच भोवती होत असे. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, हे त्या पुरानंतर बऱ्याच जणांना प्रथमच समजले. ओढा इतका माजू शकतो, हे तर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्या रात्री माणसे वाचली ती शेजाऱ्यांनी दारे बडवल्यामुळे. ज्या दारामागे कोण झोपले आहे हे शेजाऱ्याला ठाऊक नव्हते, ते दार कोणी बडवले नाही. आमच्या मागच्या खोलीत महिनाभरापूर्वी राहायला आलेली दोन मुले होती. आम्ही सगळे वर पोचल्यावर अर्ध्या तासाने त्यांची आठवण झाली. सुदैवाने ती स्वतःच पत्र्यावर चढून बसली होती. म्हणून माझे मत नोंदीच्या बाजूने आहे.

समीना_कुर्ला (४ मे, दुपारी २.२०)

मिठीकाठताई, मी तुमच्याच वस्तीतल्या तिसऱ्या गल्लीत राहते, त्यामुळे बैठकीत जे बोलता आले नाही ते येथे लिहिते.

गेल्या पावसाळ्यात आपल्या ग्रुपवर 'अतिवृष्टीचा लाल इशारा, नागरिकांनी सतर्क राहावे' असा संदेश आला होता. माझ्या गल्लीत तो तिघांनी वाचला आणि दोघांना कळला. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. कारखान्यातल्या कारागिरांकडे मोबाइल असतो, परंतु ते त्या ग्रुपमध्ये नाहीत, कारण त्यांना आपण वस्तीचे मानतच नाही. ते २० जण एका खोलीत आड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणलेल्या कापडावर जरी भरतात आणि रात्री त्याच आड्ड्याखाली अथवा पोटमाळ्यावर झोपतात. पोटमाळ्याला शिडी एक आणि खिडकी एक. एप्रिलमध्ये तेथे दुपारी हात लावला तर पत्रा चटका देतो. पूर असो वा ऊन, पहिला फटका त्यांनाच बसतो, आणि ३४० च्या हिशेबात ती खोली एक धरली जाते.

संदेश बोलून पाठवावा, असे माझे म्हणणे आहे. मराठी, उर्दू, भोजपुरी आणि तमिळ अशा चार आवाजांत तो असावा. त्यात 'इशारा' हा शब्द नको. 'आज रात्री दोन वाजता पाणी दुसऱ्या गल्लीच्या उंबऱ्याला लागेल, तळमजल्याच्या लोकांनी बाराच्या आत शाळेत जावे', असे नेमके सांगावे. मशिदीच्या भोंग्यावरून आणि मंडळाच्या स्पीकरवरून एकच मजकूर जावा, याला कमिटी तयार आहे. मी विचारून ठेवले आहे.

आशाताई (४ मे, सायंकाळी ६.००)

समीनाताईंचे म्हणणे शब्दशः पटले. मी आशा सेविका आहे, त्यामुळे घरोघरी जाऊन नोंद करण्याचा सराव आहे. नोंदीत केवळ नावे नकोत. अंथरुणाला खिळलेले, आठवा-नववा महिना लागलेल्या, डायलिसिसला जाणारे, इन्सुलिन घेणारे आणि त्यासाठी फ्रीजवर अवलंबून असलेले, लहान मुले एकटी सोडून कामाला जाणारे आईवडील, हे सारे त्यात असावे. प्रत्येकासमोर त्याला उचलायला कोणते दोन शेजारी धावतील, त्यांची नावे त्यांना विचारूनच लिहावीत.

ही माहिती मोबाइलवर फिरवू नये. कोणाला कोणता आजार आहे, हे चव्हाट्यावर आले तर पुढच्या वर्षी कोणी दार उघडणार नाही. प्रत्येक गल्लीला एक वही ठेवावी आणि ती त्या गल्लीच्या विश्वासातल्या बाईकडे असावी.

पूर ओसरल्यावरचे काम लोक विसरतात, म्हणून तेही लिहिते. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि पायाला जखम किंवा भेगा असतील तर धोका वाढतो. ताप येण्याची वाट पाहत बसू नये. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, हे त्यांनाच विचारावे.

करदाता (४ मे, रात्री ९.३०)

मला या संपूर्ण चर्चेचा रोखच मान्य नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातील सहा विषयांपैकी एक शहरी पूर आणि जलव्यवस्थापन हा आहे, दुसरा हरितीकरण आणि जैवविविधता हा आहे. २०५० पर्यंतचे उद्दिष्ट त्यात मांडलेले आहे. हे सर्व सरकारी यंत्रणेने करायचे असताना वर्गणीचे पैसे पंपावर आणि रंगावर का खर्च करायचे? लोकांनी स्वतः केले की यंत्रणा हात झटकते, आणि गरीब वस्तीने आपला बचाव आपणच करावा, ही नवी रीत पडते. गाळ काढणे, जाळ्या बसवणे, वाहिन्या रुंद करणे हे हक्काचे काम आहे. ते मागण्यासाठी एकजूट करावी.

मिठीकाठ (४ मे, रात्री १०.१०)

तुमच्या म्हणण्यातले पहिले वाक्य सोडून बाकी सर्व मान्य आहे. हक्क सोडण्याचा प्रश्नच नाही. परंतु हक्क मागायलाही नोंद लागते, हे आम्ही अनुभवाने शिकलो. आमच्या नाल्याची जाळी तुटली होती. एका कार्यालयात आम्ही चार वेळा तोंडी तक्रार केली. पाचव्या वेळी कोणत्या तारखेला पाणी कोणत्या खोलीत किती वीत चढले, हे ६० जणींच्या सह्यांसह लिहून दिले आणि सोबत भिंतीवरच्या रेघांचे फोटो जोडले. तीन आठवड्यांत जाळी बसली. वही हातात असली की तीच बाई रात्री दार बडवते आणि सकाळी अर्जही देते.

करदाता (४ मे, रात्री १०.४५)

हे उदाहरण महत्त्वाचे आहे. वहीत पाण्याच्या उंचीचा रकाना अवश्य ठेवावा.

साबरमतीकर (५ मे, सकाळी ९.००)

मी नोकरीनिमित्त १४ वर्षे अहमदाबादला आहे. येथे मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासातून पुढे आले आणि त्यानंतर २०१३ साली शहराने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा केला. महिला हाउसिंग ट्रस्ट या संस्थेबरोबर वस्त्यांतील बायकांनी घरांच्या छपरांना पांढरा परावर्तक रंग देण्याचे काम केले आहे. छपराची बांधणी आणि हवेचा निचरा कसा आहे त्यानुसार खोलीत दोन ते पाच अंशांपर्यंत फरक पडतो, असे सांगितले जाते. मी ज्या घरांत गेलो तेथे फरक अंगाला जाणवण्याइतका होता.

रंग देण्याआधी पत्र्यावरची धूळ पूर्ण धुवावी लागते, लोखंडी पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशने काढावा लागतो आणि दोन हात द्यावे लागतात. जुना सिमेंटचा पत्रा मात्र कधीही खरवडू नये, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते.

मुंबईसाठी एक अडचण दिसते. तुमच्याकडे जूनपासून पत्र्यांवर निळी ताडपत्री पडते ना? मग आत्ता मे महिन्यात दिलेला रंग पंधरवड्यात झाकला जाईल आणि ताडपत्री बांधताना दोर व विटांनी तो घासला जाईल. ताडपत्री उतरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हाआधी रंग द्यावा. तो पुढच्या मेपर्यंत उपयोगी पडेल.

परळकर (५ मे, सकाळी ११.३०)

साबरमतीकरांचा ताडपत्रीचा मुद्दा मोलाचा आहे. मला एका वेगळ्या भांडणाविषयी सांगायचे आहे. ते तुमच्याकडेही असणार.

माझे बालपण हिंदमाताजवळच्या चाळीत गेले. आता त्या भागात पावसाचे पाणी साठवायला भूमिगत टाक्या झाल्या आहेत, पण तेव्हा दर पावसाळ्यात घरात पाणी ठरलेले असे. एका शेजाऱ्याने उंबरा दीड फूट उचलला आणि दारासमोर सिमेंटचा उतार केला. त्या वर्षी त्याच्या घरात पाणी आले नाही, आमच्याकडे मात्र गुडघाभर आले. पुढच्या वर्षी वडिलांनी कर्ज काढून दोन फूट उचलला, तेव्हा पाणी पलीकडच्या भाडोत्र्यांकडे गेले. त्यांना उंबरा उचलण्याची घरमालकाची परवानगी नव्हती. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती आणि तिची पुस्तके दोरीवर वाळत घातलेली मी रोज पाहत असे. वडिलांशी हा विषय काढण्याचे धैर्य मला शेवटपर्यंत झाले नाही.

त्यात रस्ता नव्याने होताना जुना थर न खरवडता वर नवा थर टाकला जातो आणि दर वेळी खोल्या आणखी खोल जातात. म्हणून उंबऱ्याचा निर्णय गल्लीने मिळून घ्यावा आणि त्या बैठकीत भाडोत्र्यांना बसवावे. त्यापेक्षा तातडीचे काम विजेच्या मीटरचे आहे. जमिनीलगतच्या पेट्या वर घेण्यासाठी वीज कंपनीकडे एकत्रित अर्ज करावा. ते काम परवानाधारक माणसाकडूनच व्हावे, कारण पाण्यात उतरलेला प्रवाह डोळ्यांना दिसत नाही.

क्वीन्सकर (५ मे, रात्री ८.१५)

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समधून लिहिते. येथे नेपाळी, बंगाली, तिबेटी, दक्षिण अमेरिकेतील आणि आपल्याकडची अशी सगळी माणसे शेजारी राहतात. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या ढगांनी सेंट्रल पार्कला एका तासात ३.१५ इंच, म्हणजे ८० मिलिमीटर पाऊस पाडला. शहरात १३ जण दगावले. त्यांतील ११ जण तळघरातल्या घरांत राहत होते. मोबाइलवर पुराचे इशारे आले होते, पण ते इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये होते. समीनाताईंनी लिहिलेले वाचताना तीच रात्र आठवली.

येथील कित्येक तळघरांतली घरे कागदोपत्री अस्तित्वातच नसतात. आपण येथे राहतो हे सांगितले तर बाहेर काढतील, या भीतीने भाडेकरू गप्प राहतात. तुमच्या नोंदीलाही हा प्रश्न येईल.

तिसरी_गल्ली (५ मे, रात्री ९.००)

तो आलाच आहे. माझी खोली नदीकडच्या टोकाला आहे. मागे नदीपात्र रुंद करताना पाहणी झाली होती. वही घेऊन आलेल्या माणसांना आम्ही चहा दिला, आणि नंतर कोण पात्र आणि कोण अपात्र याची यादी लागली. त्यामुळे मी बैठकीत नोंदीला विरोध केला. ही वही उद्या कोणाच्या हाती पडेल, याची हमी कोण देणार?

आशाताई (५ मे, रात्री ९.४०)

आपली भीती रास्त आहे. वहीत खोली कधीपासून आहे, कागद कोणते आहेत, मालक कोण, यांतले काहीही लिहू नये. कोणाला उचलावे लागेल आणि कोण उचलणार, एवढेच लिहावे. वही आपल्याच गल्लीतल्या बाईकडे राहील आणि ज्याला नाव नको असेल, त्याचे नाव फक्त शेजाऱ्याने तोंडपाठ ठेवावे.

तिसरी_गल्ली (५ मे, रात्री १०.०५)

असे असेल, तर आमच्या टोकाची वही समीनाभाभींकडे द्यावी. तेथे माझी हरकत नाही.

मिठीकाठ (८ मे, रात्री ९.२०)

आज दुसरी बैठक झाली. हा धागा छापून नेला होता आणि भाडोत्री व कारागीर यांना मुद्दाम बोलावले होते. कारखान्यातून चौघे आले, दारात उभे राहिले, आणि समीनाने हात धरून आत बसवल्यावर बसले. त्यांच्यातल्या एकाने सांगितले, की २०१९ च्या रात्री पोटमाळ्याची शिडी वाहून गेली होती आणि ते सकाळपर्यंत वरच होते. आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते.

असे ठरले आहे : पाच गल्ल्यांच्या पाच वह्या या महिन्यात पूर्ण करायच्या. एक लहान पंप घ्यायचा आणि त्याची जबाबदारी धान्यबाजार यांच्यासारख्याच आमच्या एका दुकानदारावर व एका रिक्षावाल्या मुलावर द्यायची. मीटरच्या पेट्यांचा एकत्रित अर्ज सोमवारी जाईल. पोटमाळ्यांना भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी शिड्या करायच्या, आणि त्यांत पहिली शिडी जरीच्या कारखान्याला. उरलेले पैसे पत्र्यांच्या रंगासाठी ऑक्टोबरपर्यंत बँकेत राहतील. पोटमाळ्यावरच्या बायका यावर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी योग्य आहे, कारण हा मे महिना त्यांना तसाच काढावा लागणार आहे. तोपर्यंत दुपारी १२ ते ४ मंडळाचा हॉल पंखे लावून त्यांच्यासाठी आणि लहान मुलांसाठी उघडा ठेवणार आहोत. उंबऱ्यांचा विषय आज मिटला नाही. दोन घरांनी काम आधीच सुरू केले आहे आणि त्यांच्याशी बोलणे बाकी आहे.

मराठी, उर्दू आणि भोजपुरी आवाज मिळाले. तमिळसाठी कोणी मदत करेल का? मजकूर चार ओळींचाच आहे.

सायन_कोळीवाडा (८ मे, रात्री ९.५५)

मी करून देतो. आमच्या घरी तमिळ बोलतात आणि माझे शिक्षण मराठी शाळेत झाले आहे. मजकूर पाठवा. भरतीसाठी पुस्तकातला शब्द न घालता आई जो शब्द बोलते तो घालतो, आणि आवाजही तिचाच घेतो, कारण गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका माझ्यापेक्षा तिचे ऐकतील.